येथे नाते शोधून मिळेल

या मंडळी, असे पुढे सरका. मागे खांबाला टेकून बसलात की दोन अभंग होईस्तोवर डोळा लागतो, आणि मग घरी जाऊन सांगता की आज बुवा काही रंगले नाहीत. मोबाइल तेवढा गप्प करा. आज पुराणातली कथा नको, आपल्याच जिल्ह्यातली, परवापरवा घडलेली ऐका. एका वाडीला घरबसल्या समुद्र मिळाला आणि एका घराला नाती जुळवण्याचा धंदा मिळाला, त्याची ही गोष्ट. हसू आलं तर खुशाल हसा, देवाला हसरी माणसं चालतात. मध्येच कुठे टोचलं, तर मात्र शेजारच्याकडे बघू नका.

तर गडहिंग्लजच्या स्टँडवरून दुपारी एक एसटी सुटते. आधी ऊस, मग काजूच्या बागा, मग नुसतं रान बघत बघत ती जाते, आणि जिथं डांबर संपतं तिथं धापा टाकत उभी राहते. ते गाव कडेवाडी. पुढे रस्ता नाही, कारण पुढे जमीनच नाही. डोंगर तिथं पायाखालून एकदम निघून जातो आणि खाली कोकण पसरलेलं दिसतं. समुद्र म्हणाल, तर पावसाळा सरल्यावर एखाद्या निवळ संध्याकाळी पार टोकाला एक पांढरी रेघ चमकते. जुनी माणसं तिला समुद्र म्हणतात, तरणी पोरं ढग म्हणतात. कडेवाडीचा आणि समुद्राचा संबंध एवढाच.

या वाडीत वर्षाराणीचं घर. बाई माहेरची गडहिंग्लजकडची, बी.कॉम. झालेली, तोंडानं फटकळ आणि वाढायला सढळ. नवरा राजवीर कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं, भट्टीसमोर पाळी काढायची, आणि तिथंच चौघांत एक खोली करून राहायचं. सुट्टी जोडून मिळाली तरच गावाकडे. आला की अंगाला लोखंडाचा वास आणि भुवया होरपळलेल्या. वर्षाराणी त्याच्या कपाळाला खोबरेल लावायची आणि म्हणायची, "अवो, लग्नात तुमच्या भुवया बघूनच होकार दिलता मी. त्याबी कारखान्याला देऊन आलासा!"

राजवीर हसायचा. पण एकदा हसता हसता तो म्हणाला, "वर्षे, इथं घरात चार घास मिळायची सोय झाली, तर मी उद्या राजीनामा टाकतो बघ." ते वाक्य वर्षाराणीनं मनात गाठ मारून ठेवलं. घराच्या मागं स्लॅबच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. तिथं पाहुणे राहिले, राजवीरनं जीप चालवली, तर माणूस घरी येतो. बाकी तिला काही नको होतं.

घरातलं तिसरं माणूस म्हणजे आण्णा, तिचे सासरे. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. पंचक्रोशीत कुठेही सप्ताह असो, आण्णा पुढच्या ओळीत टाळ घेऊन हजर. देवमाणूस, पण एक खोड होती. नवीन माणूस दिसलं की आण्णांचा पहिला प्रश्न, "पावणं, गाव कंचं?" दुसरा, "तितं कुणाच्या घरचं?" आणि तिसऱ्या प्रश्नाला नातं बाहेर! समोरचा माणूस मामाच्या मेव्हण्याचा साडू तरी निघायचाच. कोल्हापूर जिल्ह्यात हे काही अवघड नाही म्हणा, पण आण्णांचा वेग काही औरच होता.

या कडेवाडीत एके दिवशी उन्मेष आला. कोल्हापूरचा, शिकलेला, दाढी कोरलेली. 'सह्यलाट हॉलिडेज' नावाच्या कंपनीचा माणूस. डोंगरापासून समुद्रापर्यंत पर्यटनाची साखळी करायची, असा कंपनीचा बेत. विठोबाच्या देवळात त्यानं गाव जमवलं आणि गुळगुळीत कागदाची पत्रकं वाटली. वर मोठ्या अक्षरात 'कोल्हापूरचा स्वतःचा समुद्र!'

आण्णांनी पत्रक हातभर लांब धरलं. "साहेब, हे कंचं गाव म्हणायचं?"

"आण्णा, ही कडेवाडीच आहे."

"मग ही होडी?"

"ते कोकण."

"आवो, पण आमच्या विठोबाच्या पायरीला होडी लागलीया की!"

"डोंगर आणि समुद्र एकत्र दाखवलाय आपण."

"आणि मधला घाट? त्यो वलांडायला अर्धा दीस जातोय. त्येबी दरड न्हाई पडली तर."

"पत्रकात घाट नसतो, आण्णा," उन्मेष शांतपणे म्हणाला. आणि खरंच की, कुठल्याच पत्रकात नसतो.

मग प्रशिक्षण सुरू झालं. आलेल्या माणसाला काय म्हणायचं? पाहुणा नाही, गेस्ट.

"गेस्ट म्हंजे पावणंच की," आण्णा म्हणाले.

"नाही. पाहुणा येतो. गेस्ट बुकिंग करतो."

गेस्टला गाव विचारायचं नाही. आडनाव, सासर, माहेर, मुलंबाळं, काही विचारायचं नाही. शहरातल्या माणसाला ते आवडत नाही. ताटात एकदा वाढलं की वाढलं, 'माझी शपथ हाय, अजून एक भाकरी घ्या' बंद. आणि जाताना बिल द्यायला लाजायचं नाही. शेवटच्या मुद्द्यावर देवळात बसलेल्या बायका एकमेकींकडे बघून पदरात हसल्या. जेवून उठलेल्या माणसापुढे कागद धरायचा म्हणजे काय, तेच त्यांना कळेना.

मग उन्मेषची नजर ज्ञानूबुवांवर गेली. ज्ञानूबुवा म्हणजे वाडीचे कीर्तनकार. चाळीस वर्षं देवापुढे उभे राहणारा माणूस. "बुवा, तुमचा एक कीर्तन एक्स्पीरियन्स ठेवूया. पंधरा मिनिटांचा. गेस्टना टोप्या घालू, हातात टाळ देऊ."

"पंधरा मिंटं तर मृदुंगाला कणीक लावाय जात्यात," बुवा म्हणाले.

"तो भाग आधी उरकून घ्या. आणि ते देह नाशिवंत, जाणार सगळं सोडून, ते जरा गाळा. हनिमूनची जोडपी येणार. मूड जातो."

बुवांनी विचार केला. "मग ऱ्हायलं काय? माझा फेटा?"

"फेटा फार छान आहे, बुवा. फेटा ठेवा."

यावर उन्मेष सोडून सगळं देऊळ हसलं. वर्षाराणी मात्र हसली नाही. तिनं सगळं मन लावून ऐकलं. गाव विचारायचं नाही, तर नाही. राजवीर घरी येणार असेल तर ती मुकी राहायलाही तयार होती.

आठवड्याभरात तिच्या घराचा कायापालट झाला. उन्मेष म्हणाला, गेस्टना अस्सल खेडं लागतं. म्हणून जे अस्सल होतं ते लपवायचं काम निघालं. ऑइलपेंटच्या भिंतीवर गेरू फासला. गॅसची शेगडी माळ्यावर गेली आणि परसात चूल आली. टीव्हीवर घोंगडं टाकलं. फ्रीज गोठ्यात नेला, तो म्हशीला पसंत पडेना, ती रात्रभर त्याच्या घुरघुरीला उत्तर देत राहिली. म्हशीवरूनही अडलं. म्हैस फोटोत काळी पडते, गाय बघा कुठली तरी, असा निरोप आला. वर्षाराणीला नऊवारी नेसायला सांगितली. ती तिला येत नव्हती. तिच्या आईलाही येत नव्हती. शेवटी ती मोबाइलवर बघून नेसली.

"ताई, इंग्रजी शब्द टाळा हं," उन्मेष म्हणाला. "आणि बोलताना थोडं अडखळा."

"मी बी.कॉम. हाय, सर."

"ते सांगू नका."

आता राहिले आण्णा. आधी एक मुक्काम कंपनीच्या माणसाचा होणार होता. अंतरा नावाची मुलगी पुण्याहून येणार, राहणार, मोबाइलवर चित्रण करणार, आणि तिनं बरं म्हटलं तर घराला पाहुणे मिळणार. वर्षाराणी आण्णांच्या पायाशी बसली.

"आण्णा, एक दिवस तेवढं काय विचारू नगा. तुमच्या लेकासाठनं."

आण्णांनी माळेला हात लावला. "न्हाई विचारत जा. एक शबूद न्हाई."

आणि अंतरा आली. पाठीवर सॅक, हातात काठीला लावलेला मोबाइल. आण्णांनी हात जोडले आणि ओठ मिटून ओट्यावर बसले. असा उपास त्यांनी एकादशीलाही केला नव्हता. मुलगी समोरून गेली की ते आवंढा गिळायचे. एकदा तर "पावणं..." एवढं तोंडातून निसटलं, तसे ते उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ म्हशीशीच बोलत बसले.

दिवस नीट गेला. वर्षाराणी अडखळत बोलली, मोजून वाढलं. संध्याकाळी चुलीपुढे ताटं मांडली. घनसाळचा वासाचा भात, नाचणीची भाकरी, काजूची उसळ आणि हुलग्याचं माडगं. अंतरानं माडग्याचा एक घोट घेतला आणि वाटी तशीच हातात धरून राहिली.

"अगदी अस्संच माझी आजी करायची," ती म्हणाली.

बस्स. आण्णांनी डोळे मिटून विठ्ठल विठ्ठल सुरू केलं. पण घात व्हायचा तो भलतीकडूनच झाला. वर्षाराणीच्याच तोंडातून निघून गेलं, "कुठली वो आज्जी तुमची?"

"आईची आई. गडहिंग्लजची. भावाचं गुळाचं दुकान होतं म्हणे बाजारात."

"दुकानापुढं लिंबाचं झाड?"

"हो! तुम्हाला कसं माहीत?"

"अगं बया! माझ्या सख्ख्या आत्याला त्याच घरात दिलीया की! म्हंजे तू आमच्या आत्याच्या घरची लेक!" नऊवारी, अडखळणं, बी.कॉम. लपवणं, सगळं चुलीत गेलं. "आण्णा, आवो ऐकलासा का?"

"ऐकलं!" आण्णांनी असा काही आवाज दिला की पलीकडच्या आळीचं कुत्रं उठलं. "बोलू आता? सुटलो का?"

मग काय विचारता! शेजारणी आल्या. माहेरवाशीण आली म्हणून अंतराची ओटी भरली. टीव्हीवरचं घोंगडं काढून तिच्या पायावर घातलं, गारठा होता म्हणून. माझी शपथ, आण्णांची शपथ, विठोबाची शपथ असं करत तिला किती भाकऱ्या चारल्या त्याचा हिशेबच नाही. सकाळी ती बिलाचं विचारू लागली, तर वर्षाराणी भडकली, "आपल्याच घरात तुला बिल देत्यात व्हय गं?" एसटीत बसताना ती पोरगी रडली. आईला फोन लावून रडली.

एसटी गेली आणि वर्षाराणी भानावर आली. सगळे नियम तिनं एका जेवणात मोडले होते. राजवीरचं घरी येणं आपणच हातानं घालवलं, म्हणून ती दिवसभर स्वतःलाच बोल लावत राहिली.

पण नशिबाचा उलटा फेरा बघा. अंतरानं ते सगळं चित्रण इंटरनेटवर टाकलं, आणि लाखो लोकांनी ते बघितलं. शहरात माणसाला शेजारच्या दाराचं आडनाव माहीत नसतं, आणि इथं एका वाटीभर माडग्यावर अख्खं घर भेटतं! लोक ते बघून रडले. कंपनी ते बघून जागी झाली. उन्मेष आला तो पेढे घेऊनच.

"ताई, नियम रद्द! आता गाव विचारायचंच. आडनाव विचारायचंच. आण्णा आपले हिरो!" आणि त्यानं जीपमधून एक फळा काढून घराच्या दारावर ठोकला. जुन्या सागवानासारखा दिसणारा प्लॅस्टिकचा फळा, त्यावर कोरीव अक्षरं, 'येथे नाते शोधून मिळेल.'

आण्णांना तो फळा बघून आनंद झाला. त्यांना वाटलं, सरकारनंच मान्यता दिली.

मग गाड्या येऊ लागल्या. राजवीरनं रजा काढली, पगार बुडाला तरी बुडू दे म्हणाला, आणि पाहुण्यांसाठी कंपनीची जीप चालवू लागला. आला दिवस गरम जेवायचा, संध्याकाळी आण्णांबरोबर हरिपाठाला बसायचा. वर्षाराणी एकदा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "काय गं?" त्यानं विचारलं. "भुवया आल्या," ती म्हणाली, आणि कामाला लागली. फाउंड्रीचा ठेकेदार मात्र फोन करत होता. येतोस की दुसरा माणूस ठेवू, एवढंच विचारायचा.

पाहुण्यांचं म्हणाल, तर सांगलीकडची, बेळगावकडची, कागल-निपाणीची माणसं आली की आण्णा मिनिटात नातं काढायचे. पण कुणी इंदूरचं यायचं, कुणी थेट कलकत्त्याचं. आण्णा घाम गाळायचे, आणि शेवटी हात जोडून म्हणायचे, "न्हाई सापडत, पावणं. जेवा मात्र पोटभर." एका गृहस्थांनी तर कंपनीकडे तक्रार लिहिली. 'जेवण उत्तम. नाते मिळाले नाही. जाहिरातीत स्पष्ट उल्लेख असताना ही फसवणूक आहे.'

उन्मेष कळवळून म्हणाला, "आण्णा, लावून टाका ना काहीतरी. कोण तपासतंय? मामाच्या मामाचे म्हणायचं."

"लावून टाका?" आण्णा त्याच्याकडे बघतच राहिले. "साहेब, नातं लावलं की पाळाय लागतंय. मागं एसटीत एक माणूस शेजारी बसलता. आमच्या चुलत्याच्या सोयऱ्यातला निघाला. फुडल्या साली त्यो वारला. मी सुतक धरलं, सप्त्यात वीणंला हात लावला न्हाई. गाव हसलं मला. पण लावलंय न्हवं नातं? आता ह्या कलकत्तेवाल्याचं कोण गेलं, तर मला कोण कळवायचं? मी सुतकात हाय का न्हाई हे न कळता देवाच्या पुढ्यात कसा हुबा ऱ्हाऊ?"

उन्मेषला हे असलं काही शिकवलेलं नव्हतं. तो म्हणाला, "बघू."

आणि मग कंपनीच्या मोठ्या साहेबांची बायको येणार असं ठरलं. श्यामलाबाई. माहेर नागपूरचं, संसार मुंबईला. कंपनीतली माणसं साहेबांपेक्षा त्यांना जास्त भ्यायची. रविवारी देवळात मोठा कार्यक्रम, कॅमेरे, पत्रकार. बाईंचं नातं कडेवाडीत सापडणार, तिथंच वर्षभराच्या कामाचा करार होणार. करार झाला तर राजवीर कायमचा घरी. आणि नेमका शनिवारी ठेकेदाराचा फोन आला, "सोमवारी दुपारच्या पाळीला दिसलास तर तुझी जागा. न्हाईतर नमस्कार."

शनिवारी आण्णांनी नागपूरचा सगळा मुलूख धुंडाळला. ज्ञानूबुवांना विचारलं, पोस्टमनला विचारलं, जिथं जिथं आपला माणूस होता तिथं फोन लावले. नागपूरला कडेवाडीचं कुत्रंसुद्धा गेलेलं नव्हतं.

"तुम्ही एवढंच म्हणा," उन्मेषनं बजावलं, "की बाईंची पणजी या वाडीची लेक होती. बाकी रडारड त्या सांभाळतील."

रविवारी देवळाला झेंडूच्या माळा. पुढे खुर्च्या, खुर्च्यांना पांढरी झबली. बाहेर होडी ठेवलेली, खरीखुरी, मालवणहून ट्रकनं आणलेली, कारण पत्रकात होती. ज्ञानूबुवांनी पंधरा मिनिटांत देवाला बोलावलं आणि देव येण्याआधीच आरती उरकली. श्यामलाबाईंनी टाळ वाजवला, फोटो निघाले. मग उन्मेषनं माईक हातात घेतला. "आणि आता तो क्षण! आण्णा!"

वर्षाराणी खांबाजवळ उभी होती. शेजारी राजवीर, इस्त्रीच्या शर्टात. आण्णा उठले. दोन पावलं चालून तिच्याजवळ थांबले. इकडंतिकडं बघितलं, आणि दोन्ही हातांनी गळ्यातली माळ वर केली. कानापर्यंत आली, टोपीला अडली, ती त्यांनी सोडवली.

"आण्णा, काय करतायसा?" ती कुजबुजली.

"धर ही जरा," आण्णा म्हणाले. "बोलून झालं की घालतो. माळ घालून खोटं बोलाय येत न्हाई मला." तिच्या डोळ्यांत बघवेना म्हणून ते माळेकडेच बघत होते. "पोरगं घरी ऱ्हातंय न्हवं? मग बोलतो. देव बघून घिईल माझं काय ते."

मंडळी, लहानपणी घातलेली माळ. आजारपणात, आईच्या चितेपुढं, कधी उतरली नव्हती. ती त्यांनी नऊवारीतल्या सुनेच्या हातात ठेवली आणि माईककडे निघाले. मागची मान उघडी, माळेच्या वळाची जागा पांढरी पडलेली. वर्षाराणीनं राजवीरकडे बघितलं. त्यानं सगळं बघितलं होतं. तो खाली मान घालून उभा होता.

"बाई," आण्णांनी माईकपुढे तोंड नेलं. "बाई, तुमची पणजी..."

"आण्णा, थांबा!"

वर्षाराणी तरातरा पुढे गेली. भर सभेत, कॅमेऱ्यांपुढं तिनं सासऱ्याच्या गळ्यात माळ घातली आणि टोपी सरळ केली. मग माईककडे वळली. अडखळायचं वगैरे काही तिच्या ध्यानात राहिलं नाही.

"म्याडम, तुमचं आमचं नातं न्हाई. लई शोधलं. काल दिवसभर ह्या म्हाताऱ्या माणसानं फोन धरलावता. न्हाई सापडलं. आमचं घर जेवायला घालतंय, झोपायला अंथरूण देतंय, त्याला तुम्ही कुणाचं कोण असायची गरज न्हाई. चला, पानं मांडलीत."

श्यामलाबाईंनी टाळ खाली ठेवला. रागावल्या नाहीत, फक्त उन्मेषकडे वळून म्हणाल्या, "पण व्हिडिओत तर सगळ्यांचं सापडतं ना?"

उन्मेषला घाम फुटला. तेवढ्यात मागून आवाज आला. शेजारच्या टेंबवाडीचा पृथ्वीराज, तिथला होऊ घातलेला सरपंच, कार्यक्रमाला आलेला. तो माणसं बाजूला सारत पुढे आला आणि श्यामलाबाईंकडे टक लावून बघू लागला.

"नागपूर म्हणालासा न्हवं? मावशे! ही हनुवटी आमच्या पणज्याची! आवो, हनुवटी बघा की कुणीतरी!" आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. खरं पाणी, मंडळी. पाणी कुठून आणलं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

कॅमेरे वळले. श्यामलाबाईंनी हनुवटीला हात लावला, आणि त्यांचेही डोळे भरून आले. खोटं नाही सांगत, त्या बाईचं रडणं खरं होतं. मुंबईत तिला इतक्या वर्षांत हनुवटीवरून कुणी आपलं म्हटलं नसावं.

करार टेंबवाडीत झाला. संध्याकाळी कंपनीची माणसं आली आणि दारावरचा फळा काढून घेऊन गेली. होडीही टेंबवाडीला गेली. तिथं तर समोर आडवा डोंगर आहे, आभाळसुद्धा पुरतं दिसत नाही. पण आता तिथं होडी आहे, म्हणजे हळूहळू समुद्रही येईल. पृथ्वीराजला दर शनिवारी-रविवारी नवी मावशी भेटते. एक जण त्याला म्हणाला, अरे, एवढ्या मावश्यांचं सुतक कसं पाळणार? तर तो म्हणाला, त्याचं वेगळं पॅकेज करू.

त्या संध्याकाळी वर्षाराणीनं मांडलेली पानं वाडीनंच जेवून संपवली. आण्णा दोन घास खाऊन हरिपाठाला गेले. राजवीर चुलीजवळ बसला होता. लाकडानं विस्तव उकरत होता.

"तू रागावलीस का माझ्यावर?" त्यानं विचारलं.

"कशापायी?"

"आण्णा माळ काढताना बघत हुतो मी. मला वाटलं, काढू दे. एकदाच तर हाय." तो विस्तवाकडे बघूनच बोलत होता. "मीच पुढं व्हाय पायजे हुतं. मी गप बसलो."

वर्षाराणी त्याच्या ताटात भात वाढत म्हणाली, "तुम्हाला घरी यायचं हुतं. मलाबी तुम्ही घरी हवं हुतासा. खांबापासनं माईकपर्यंत जाताना जीव तुटत हुता माझा." मग तिचा आवाज चढला. "पण सासऱ्याच्या गळ्यातली माळ हातात घिऊन मी तुम्हाला घरात घेतलं असतं, तर रोज त्यांच्या ताटात कंच्या हातानं वाढलं असतं? जेवा आता. गार हुतंय."

तो जेवला. सोमवारी पहाटे आण्णांनी त्याच्या कपाळाला बुक्का लावला, वर्षाराणीनं भाकरी बांधून दिली, आणि तो पहिल्या एसटीनं शिरोलीला निघून गेला. दुपारच्या पाळीला भट्टीपुढे उभा होता. ठेकेदार म्हणाला, "आलास? बरं झालं." एवढंच.

तर मंडळी, तुमच्यातले बरेच जण सुट्टीत फिरायला निघालात. जावा, जरूर जावा. घाट बघा, समुद्र बघा, टेंबवाडीत मावशीही मिळेल. पण जाता-येता पुलाच्या शिरोलीपाशी गाडी थांबते, फाउंड्र्यांचा धूर काचेवर येतो, आणि तुम्ही काच वर करता. करा. धूर वाईटच. पण काच वर करताना एवढं मनात असू द्या की त्या धुराच्या आत कडेवाडीचा राजवीर उभा आहे, वितळलेलं लोखंड ओततोय. आणि देवाला हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांची नावं घेऊन झाली की, एकदा त्याचंही नाव घ्या.